यंदाच्या झेंडूला वास न्हाई

पुनावळ्याहून निघताना आप्पा म्हणाले, गाडी जुन्या गेटवरून घे. तळवड्याला जायला तो रस्ता चांगलाच वाकडा पडतो. पण आज खंडेनवमी होती, हत्यारांच्या पूजेचा दिवस, आणि माझे वडील बऱ्याच महिन्यांनी दवाखान्याखेरीज कुठेतरी स्वतःहून निघाले होते. मी गाडी महामार्गाकडे वळवली.

जुनं गेट म्हणजे पिंपरीतल्या त्या कंपनीचं गेट, जिथे आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. गेट आता नाही. कंपनीच्या जागी उंच इमारती आल्या आहेत, त्यांच्या पायाशी काचेची दुकानं, आणि समोरून मेट्रोचे खांब गेले आहेत. राहिलंय ते एक बुचाचं झाड. पहिल्या शिफ्टचे लोक त्याच्याखाली सायकली लावायचे. आज त्याच्याखाली पांढऱ्या लांब देठांच्या फुलांचा सडा पडला होता आणि जिममधून परतणारी मुलं तो तुडवत चालली होती. मी गाडी कडेला घेऊन काच खाली केली. वास आत आला, थंड आणि गोड, जसा पूर्वी सकाळची बस गेटाशी थांबली की यायचा.

आप्पांनी झाडाकडे पाहिलं, मग फुलांकडे. "फुललंय," ते हळू आवाजात म्हणाले. वासाबद्दल काही बोलले नाहीत. त्यांना वास येत नाही, फार वर्षं झाली.

मागच्या सीटवर आई पूजेचं ताट मांडीवर धरून बसली होती. आप्पांचा डावा हात त्यांच्या मांडीवर थरथरत होता, अंगठा बोटांवर घोळत होता, न दिसणारी कणकेची गोळी वळावी तसा. आम्हा तिघांच्याही मनात एकच गोष्ट होती. गेल्या खंडेनवमीला तळवड्यात, आप्पांच्या हाताखाली शिकलेल्या बबनकाकांच्या वर्कशॉपच्या दारात आप्पांचे पाय जमिनीला चिकटले होते. ते पाच-पंचवीस लोकांसमोर तसेच उभे राहिले होते, आणि घरी आल्यावर म्हणाले होते, त्या दारात मी परत पाय ठेवणार न्हाई.

आज आम्ही त्याच दाराकडे निघालो होतो.

*

मी लहान असताना आम्ही तळेगावात राहायचो, स्टेशनपासून जवळ, दोन खोल्यांत. पहाटे कंपनीची बस यायची. आप्पा गेल्यावर खुंटीवर त्यांचा आदल्या दिवशीचा गणवेश राहायचा आणि मी त्यात तोंड खुपसायचे. त्याला लोखंडाचा वास होता, लाल साबणाचा होता, आणि एक आंबूस, तेलकट वास होता, जो मला पुढे कुठल्याच घरात भेटला नाही. तो कूलंटचा. कापताना लोखंड तापू नये म्हणून मशीनवर सोडतात ते दुधासारखं पांढरं पाणी. आई म्हणायची, दहा वेळा धुतलं तरी जात नाही मेलं. मला तो जाऊ नये असंच वाटायचं.

आप्पा टर्नर होते. लेथवर लोखंडाचा गोल तुकडा फिरत ठेवायचा आणि त्याला टूलची धार टेकवून तो हव्या त्या मापाचा करायचा, हे त्यांचं काम. शाळेत बाईंनी विचारलं, टर्नर म्हणजे काय गं? मी उभी राहून सांगितलं, ते लोखंडाचं साल काढतात. वर्ग हसला, पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर सांगितलंस.

वर्षातून एकदा ते गेट आमच्यासाठीही उघडायचं. खंडेनवमीला कंपनीची बस कामगारांऐवजी त्यांच्या बायकापोरांना घेऊन निघायची. बायकांच्या डोक्यात गजरे, पोरांच्या अंगावर दिवाळीआधीच काढलेले नवे कपडे, आणि बसमध्ये घामाऐवजी शेवंती, पावडर, चकलीचा वास. ड्रायव्हरसुद्धा त्या दिवशी हॉर्न हळू वाजवायचा.

आतलं मला अजून दिसतं. एरवी काळवंडलेली मशीनं पुसून लख्ख केलेली. प्रत्येकाला झेंडूचा हार, हँडलला आंब्याची डहाळी, पुढे केळीच्या पानावर सफरचंदाची फोड आणि खडीसाखर. उदबत्तीचा धूर छताच्या पत्र्यापर्यंत जाऊन तिथेच घुटमळायचा. आणि सगळ्यात खाली, पायांशी, ताज्या रंगाचा वास. कारण दसऱ्याच्या आधी जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने मारायची तिथली पद्धत होती. चालायची वाट कुठली आणि मशीनची हद्द कुठून, हे ते पट्टे सांगायचे.

आप्पा माझं बोट धरून आत न्यायचे, पण पट्ट्याशी आले की बोट सोडायचे. "इथून पुढं आपलं आपण चालायचं. पट्टा ओलांडायचा असंल तर काय करायचं? थांब. बघ. मग पाय उचल." मी दर पट्ट्याला थांबायचे, दोन्हीकडे बघायचे आणि गुडघा छातीपर्यंत नेऊन पाय उचलायचे. लोक हसायचे. आई मागून लाजत तसंच करायची, पदर सांभाळत, कारण आप्पांनी तिलाही तोच नियम घातला होता.

पूजा झाली की मला हवा असलेला क्षण यायचा. आप्पा हार उतरवायचे, लेथ क्षणभर चालू करायचे आणि एका तुकड्यावर हलका काप घ्यायचे. वर्षाचा पहिला काप. लोखंडाची कुरळी, निळसर तार सुटून खाली पडायची आणि आप्पा मान पुढे करून खोल श्वास घ्यायचे. "जळका वास न्हाई. धार चांगली हाय." बोथट टूल लोखंड जाळतं, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं, म्हणायचे.

येताना प्रत्येक घराला पेढ्यांचा पुडा आणि स्टीलचा डबा मिळायचा. ते डबे आजही आईच्या फळीवर ओळीने उभे आहेत, पोहे, रवा, साबुदाणा. माझ्या फीला, माझ्या पुस्तकांना, आकुर्डीच्या कॉलेजातल्या माझ्या पदवीला त्या गेटाचा हात लागला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आज चाकणच्या एका कारखान्यात माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. तिथल्याही जमिनीवर पिवळे पट्टे आहेत. मी अजूनही त्यांच्यापाशी अर्धा क्षण थांबते.

*

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाची खंडेनवमी. लेथला घालायचा हार हातात घेऊन आप्पांनी तो नाकाशी नेला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"यंदाच्या झेंडूला वास न्हाई."

आई म्हणाली, खतावर वाढवतात हल्ली, फुलात जीव कुठे राहिलाय. शेजारच्या मशीनवर बबनकाका होते. मावळातल्या एका खेड्यातून हेल्पर म्हणून आले आणि आप्पांच्या हाताखाली टर्नर झाले. ते म्हणाले, "व्हय आप्पा, मार्केटचा माल. दिसायला निस्ता भडक." मीही माझ्या हातातलं फूल हुंगलं. त्याला चांगला कडवट, उग्र वास होता. पण सगळ्यांनी होकार भरलेला, म्हणून मला वाटलं, पूर्वी याहून जास्त असेल.

पुढची कित्येक वर्षं आम्ही फुलांनाच दोष दिला. मग इंद्रायणी तांदळाला दिला, मग आंब्याला. आंबे पेटीत पिकत असायचे, सगळं घर दरवळायचं, आणि आप्पा विचारायचे, आढी लावली का न्हाई अजून? एकदा गॅसवर दूध उतू जाऊन करपलं, आप्पा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. आई बाजारातून धावत आली. तिला जिन्यातच वास आला होता.

त्या वर्षांत बाकीचंही बरंच हलक्या पावलांनी निघून गेलं. कंपनी बंद झाली. मशीनं विकली गेली. आप्पांची लेथ बबनकाकांनी घेतली आणि तळवड्यात एक शेड टाकून तिथे बसवली. आम्ही तळेगाव सोडून पुनावळ्यात फ्लॅट घेतला. मी लहानपणी पाहिलेलं पुनावळं म्हणजे ऊस आणि विहिरी. आता आमच्या गॅलरीतून रात्री महामार्गाचे दिवे दिसतात. आप्पांचं चालताना डाव्या हाताचं हलणं थांबलं. सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली. आवाज खाली गेला. घरात आईचं एक वाक्य दिवसभर ऐकू यायला लागलं, "काय म्हणालात?" आणि चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते कळलंच नाही. सोसायटीतल्या बायका आईला बाजूला घेऊन विचारायच्या, आप्पा आमच्यावर रागावलेत का हो? ते रागावले नव्हते. आतून हसत असायचे. चेहऱ्यापर्यंत ते हसू पोचत नव्हतं.

चिंचवडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स. आपल्याकडे कंपवात म्हणतात. शांत स्वभावाच्या बाई होत्या. त्यांनी आप्पांना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, मनगट हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग सांगितलं की हालचाल सुरळीत ठेवणारं एक द्रव्य मेंदूत कमी पडत चाललं आहे. ते गोळीनं भरून काढता येतं. दुखणं पुसून जाणार नाही, पण औषध वेळेवर, व्यायाम रोज, आणि घरच्यांना समज, एवढं असेल तर माणूस पुष्कळ वर्षं चांगला जगतो. वास जाणं हे कधीकधी हात थरथरायच्या कितीतरी आधी होतं, हेही त्यांनी सांगितलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना एकदमच तो हार आठवला.

आप्पांनी आपलं मनगट स्वतःच एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मशीन जुनं झालंय. बदलायचं न्हाई, मेंटेनन्सवर चालवायचं." डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसंच.

*

मेंटेनन्स आम्ही शिकलो. शर्टाची बटणं काढून आईनं आतून चिकटपट्टी लावली आणि वर बटणं नुसती शोभेला ठेवली. खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकायचं, पाय मागे घ्यायचे, मग नाक गुडघ्यांच्या पुढे नेऊन उठायचं. चालताना बोलायचं नाही, वळताना एका जागी गिरकी न घेता मोठा फेर घ्यायचा. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं, आजोबा, बोलताना समोर मशीन चालू आहे असं समजून बोला. आप्पा तिला म्हणाले, मशीन लावून दे, मग बघ. ती हसली, पण आप्पा थट्टा करत नव्हते.

आई मात्र एकाच औषधावर विश्वास ठेवून होती, आणि ते म्हणजे खाणं. डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं की गोळीनं मळमळलं तर काहीतरी हलकं खाऊन घ्या. आमच्या घरात हलकं म्हणजे मटकीची उसळ, चपाती आणि बदाम वाटून घातलेलं दूध. गोळी रिकाम्या पोटी म्हणून द्यायची नाही, हा आईचा कायदा झाला. जितका आप्पांचा पाय जड पडायचा, तितका दुधाचा पेला मोठा व्हायचा. माझी मावशी मुगाचे लाडू पाठवायची, शेजारच्या काकू पनीर आणून द्यायच्या. आमच्याकडे मायेला दुसरी भाषा नव्हती.

आप्पा कळत्या वयापासून नवरात्राचे उपास करायचे. कंपनीत उभ्या शिफ्टसुद्धा त्यांनी केळ्यांवर काढल्या होत्या. गेल्या वर्षी आईनं ते बंद करायला लावले. गोळ्या खाणाऱ्या माणसानं उपास धरायचा नसतो, देवीला कळतं, म्हणाली. आप्पांनी ऐकलं. खंडेनवमीच्या सकाळीही उसळ झाली, दूध झालं, वर गोळी झाली, आणि आम्ही तळवड्याला गेलो.

शेडच्या दारात आप्पा थांबले. आत त्यांची लेथ हार घालून उभी होती. त्यांनी पाय उचलायचा प्रयत्न केला. टाच थोडी उचलली गेली, पण पंजा जमिनीला खिळल्यासारखा राहिला. पार्किन्सन्समध्ये हे होतं, आणि दारात, अरुंद जागेत, लोक बघत असताना हमखास होतं. घरी आम्हाला ते माहीत होतं. तिथे कोणाला माहीत नव्हतं. बबनकाका धावत आले आणि प्रेमानं दोन्ही हात धरून ओढायला लागले. शरीर पुढे, पाय मागे. आप्पा तोल जाऊन त्यांच्या अंगावर गेले. आतल्या एका तरण्या कामगारानं गंमत म्हणून हाक दिली, "आजोबांचा गेटपास राहिला वाटतं." पोरं हसली. त्यात काही वाईट नव्हतं, शेडमध्ये दिवसभर असंच बोलतात. पण आप्पांचा चेहरा दगडासारखा राहिला, आणि त्या चेहऱ्यामागे काय झालं ते फक्त आईला दिसलं. पूजा न करताच आम्ही परत फिरलो.

त्यानंतर घराचं दारही लांब झालं. खाली बागेत नको, लग्नाला नको, देहूला नदीकाठी बसायला नको. औषधाच्या डब्यापलीकडे त्यांचं जग गॅलरीच्या कठड्यापर्यंत उरलं. मी स्नानगृहाच्या उंबऱ्यापुढे पिवळी चिकटपट्टी लावली, म्हणजे डोळ्यांना ओलांडायला काहीतरी मिळावं आणि अडकलेला पाय उचलला जावा. आप्पा म्हणाले, घराचा शॉप केलास की गं. मशीनं चालतात त्या कारखान्याच्या भागाला ते शॉप म्हणायचे. पण ती पट्टी ओलांडून ते फक्त आंघोळीला जात.

*

यंदा घटस्थापनेच्या सकाळी आप्पांनी दुधाचा पेला बाजूला सरकवला.

"उपास हाय माझा."

आई खूप बोलली. देवीची शपथ घातली, माझी घातली. आप्पांनी गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली आणि थोड्या वेळानं एक केळं खाल्लं. दुपारी उकडलेलं रताळं. शेंगदाणे त्यांना ठसका लागतो म्हणून आधीच बंद होते. आई दिवसभर रुसून राहिली आणि संध्याकाळी मला म्हणाली, उद्या अंथरुणातून उठले नाहीत तर मला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी ती ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. मागून आवाज आला, चहा झाला का? वळून बघते तर आप्पा स्वयंपाकघरात उभे. भिंत न धरता, कोणाला हाक न मारता आले होते. तिसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या बागेत खाली जाऊन आले. आईनं समईत जास्तीची वात लावली आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. देवी पावली, म्हणाली. दर फोनला देवी थोडी जास्त पावत होती.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं ठरलेलं होतं. आईनं तिथेही देवीची हकिकत सांगितली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, या दिवसांत आजोबा काय खातात? आणि एरवी गोळीबरोबर काय खायचे? आईनं सगळं सांगितलं, उसळ, दूध, लाडू, जरा अभिमानानंच. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, दूध, डाळी, उसळी यांतली प्रथिनं आणि ही गोळी शरीरात एकाच दारानं आत जातात. दोघांची गर्दी झाली की गोळी बाहेर अडकते."

आप्पा म्हणाले, "म्हंजे तिचा गेटपास राहिला."

आम्ही तिघीही त्यांच्याकडे बघत राहिलो. वर्षभर त्यांनी तो शब्द जपून ठेवला होता, आणि आता तो स्वतःच काढून टेबलावर ठेवला होता.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. प्रत्येकाचं असं होतं असं नाही, पण यांचं होतंय. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, नुसत्या पाण्यानं. मळमळलं तर साधं बिस्कीट. पूर्ण उपास मात्र करायचे नाहीत, वजन आणि ताकद दोन्ही लागतात. दिवसा भात, भाजी, फळं, पाणी भरपूर, आणि डाळ, दूध, उसळ रात्रीच्या जेवणाला. गोळी कमीजास्त करायची तर मला विचारून.

"नक्त," आप्पा म्हणाले. दिवसभर उपास आणि रात्री जेवण, जसं त्यांची आजी करायची.

परत येताना आई मागच्या सीटवर आप्पांशेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. रावेतचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस दूध पाजून पाजून तुमचे पाय बांधले."

आप्पांनी त्यांचा थरथरता हात तिच्या हातावर ठेवला. दोन्ही हात मिळून थरथरायला लागले. "दूध चांगलंच होतं गं," ते म्हणाले. "शिफ्ट चुकली व्हती. आता रात्रपाळीला लाव."

आणि सोसायटीच्या फाटकाशी गाडी वळताना मला म्हणाले, बबनला फोन लाव.

*

तळवड्यात शेडपुढे गाडी थांबली तेव्हा बबनकाका दारातच होते, पांढरा सदरा, कपाळाला गुलाल. निघण्याआधी आप्पांची गोळी झाली होती. ते गाडीतून उतरले, उभे राहिले, आणि दारापर्यंत चांगले चालत गेले. आतून तोच वास आला. तेल, कापूर, ताजा रंग, झेंडू. मी क्षणभर फ्रॉकमधली मुलगी झाले.

आणि दारात आप्पांचे पाय थांबले.

शेडमधलं बोलणं विझलं. गेल्या वर्षीचा तो तरणा कामगार खुर्च्या मांडत होता, तो एक खुर्ची हातात धरून तसाच राहिला. बबनकाका पुढे झाले. मी म्हणाले, "काका, ओढू नका." त्यांनी हात मागे घेतले. आता सगळे बघत होते, आणि मला माहीत होतं की आज आप्पा इथून परत फिरले तर गॅलरीचा कठडासुद्धा त्यांना लांब होईल.

शटरच्या रुळाला लागून, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बबनकाकांनी नवा पिवळा पट्टा मारून घेतला होता. जुन्या कंपनीतली सवय. रंग पुरता सुकलाही नव्हता.

आई आप्पांच्या मागे, ताट धरून उभी होती. ती त्यांच्या कानाशी आली, आणि जे मी लहानपणापासून फक्त आप्पांच्या तोंडून ऐकलं होतं ते तिच्या आवाजात ऐकलं.

"थांबा. बघा. मग पाय उचला."

आप्पा थांबलेलेच होते. त्यांनी खाली पट्ट्याकडे बघितलं. वजन आधी डाव्या पायावर घेतलं, मग उजव्यावर. आणि गुडघा वर आला, चांगला वर, पोरानं आणावा तसा, आणि पाय पट्ट्यापलीकडे पडला. मग दुसरा. टाचेला थोडा पिवळा रंग लागला. त्यांच्यामागून आईनंही पदर सावरून तसाच पाय उचलला. तिच्यामागून मी.

तो कामगार खुर्ची घेऊन पुढे आला. मान खाली घालून म्हणाला, "बसा, आजोबा."

"बसायला न्हाई आलो," आप्पा म्हणाले. "गेटपास हाय आज."

तो हसला, आणि मग शेड हसली. या वेळच्या हसण्यात आप्पा होते, चेहरा तसाच असला तरी.

लेथपाशी गेल्यावर त्यांनी थरथरता हात पुढे केला आणि चाकाचं हँडल धरलं. हात शांत झाला. डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं की हा कंप हात रिकामा असताना जास्त असतो, काम धरलं की पुष्कळदा कमी होतो. त्या हातानं हँडल असं धरलं होतं की मधली वर्षं कुठे गेली होती ते कळू नये. आईनं हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला. आप्पांच्या आणि शेजारच्या लेथवर मिळून एकच लांब हार घातला होता. बबनकाकांनी आप्पांच्या लेथवरचं हाराचं टोक काढलं, शेजारच्या मशीनवरचं तसंच राहू दिलं, आणि दोन्हींची बटणं दाबायला पुढे झाले. त्याआधीच शेडमधला मोठा पंखा आणि कॉम्प्रेसर सुरू झाले होते, त्या गोंगाटात एक आवाज आला, खणखणीत, मी लहानपणी शॉपच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकलेला.

"बबन, त्यो हार काढ आदी!"

बबनकाकांचा हात जागीच थांबला. मशीन फिरलं असतं तर हार गुंडाळत त्यानं हातच आत ओढला असता. "काढतो आप्पा, काढतो," म्हणत त्यांनी हार ओढून काढला आणि बाजूला ठेवला. आई माझ्याकडे वळली. तिच्या ओठांवर सवयीनं तयार असलेलं "काय म्हणालात?" तसंच राहिलं. तिला ऐकू गेलं होतं.

मग आप्पांच्या लेथवर हलका काप झाला, हँडलवर हात आप्पांचाच. टूल लोखंडाला लागलं, निळसर तार कुरळी होत खाली पडली, दुधाळ पाणी उडालं. आप्पांनी हारातून गळालेलं एक फूल उचललं आणि नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं. मग ते माझ्या नाकाशी आणलं.

"तू सांग."

"उग्र आहे," मी म्हणाले. "कडू, आणि देठाकडे थोडा हिरवा."

"आणि तेल?"

मी मशीनकडे मान पुढे करून खोल श्वास घेतला, त्यांनी घ्यावा तसा. "आहे. आंबूस आहे."

"जळकं?"

"नाही, आप्पा."

त्यांनी मान हलवली. "मग धार चांगली हाय," ते म्हणाले.